नेहमी की फक्त एकदा

मोबाईलवर कुणी एखादा कागद पाठवला आणि मी त्यावर बोट ठेवलं, की मोबाईल आधी विचारतो, हे कशात उघडू? खाली दोन पर्याय असतात, 'फक्त एकदा' आणि 'नेहमी'. मी दर वेळी 'फक्त एकदा' दाबते. माझी नात ज्ञानदा त्यावरून मला हसते. "आजी, एकदाचं 'नेहमी' दाबून टाक ना. परत परत विचारणार नाही तो." मी म्हणते, विचारू दे. तिला वाटतं आजी घाबरते. तसं नाही. पण त्या 'नेहमी'च्या चौकोनात मी एका उन्हाळ्यात इतक्या वेळा खूण केली, की आता ते बोटच तिकडे वळत नाही.

ती गोष्ट दोन हजार तीन सालची.

वसईच्या एव्हरशाईन सिटीत आम्ही सत्त्याण्णव साली राहायला आलो. तेव्हा आमच्या गॅलरीतून पार मिठागरांपर्यंत नजर जायची, आणि संध्याकाळी वारा सुटला की ओठांना खारट चव लागायची. बिल्डिंगी नव्या होत्या, माणसं नवी होती, पाणी तेवढं नव्हतं. जानेवारीपासून पाऊस येईपर्यंत टँकर. जूचंद्र गावाकडच्या विहिरींचं पाणी यायचं. ते तांब्यात घेतलं की तळाशी शेवाळाची एक हिरवी रेघ दिसायची, आणि आम्ही ते गाळून, उकळून, वर देवाचं नाव घेऊन प्यायचो.

हे, म्हणजे माझे यजमान चंद्रहास तेरवणकर, फोर्टमधल्या एका कंपनीच्या रेकॉर्ड विभागात चौतीस वर्षं होते. कुठलाही कागद मागा, तीन मिनिटांत हातात ठेवतो, अशी त्यांची शेखी होती, आणि ती खरी होती. निवृत्त झाल्यावर सोसायटीने त्यांना सेक्रेटरी केलं. सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे टँकरची यादी. टँकर आला की बिल्डिंगमधल्या कुणीतरी खाली उभं राहायचं. टाकीत बांबूची काठी बुडवून आधी किती पाणी आहे ते बघायचं, टँकर रिकामा झाला की पुन्हा काठी बुडवायची, आणि मगच ड्रायव्हरच्या चिठ्ठीवर सही. नाहीतर अर्धा टँकर आमच्या टाकीत आणि अर्धा शेजारच्यांच्या. काठीवर लाल रंगाच्या खुणा यांनीच केल्या होत्या. 'खाली माणूस नसेल तर पाणी ओतून घ्यायचं नाही,' हा नियमही यांचाच. कोणत्या तारखेला कोणाच्या घरचा माणूस उभा राहणार, ती यादी महिनाअखेरीला टपालपेट्यांशेजारच्या फळ्यावर लागायची.

दोन हजार एक साली आमच्या हर्षवर्धनने बंगलोरहून पैसे पाठवून घरी कॉम्प्युटर घ्यायला लावला. जोडून दिला रिचेल तुस्कानोने. ती वसई गावातली. तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, केस मानेवर घट्ट बांधलेले, बोलणं चटपटीत. समोरच्या बिल्डिंगच्या गाळ्यात तिचा क्लास होता. कॉम्प्युटर जोडून विकायचीही. आमच्या एकट्या बिल्डिंगमध्ये तिने सात जोडून दिले होते. दुपारी दोनला ती बायकांची बॅच घ्यायची. आजूबाजूचे लोक त्याला 'सासवांची बॅच' म्हणत. मी त्या बॅचमध्ये होते.

एके दिवशी तिने आम्हाला मुद्दाम एक गाण्याची फाईल लिहायच्या प्रोग्राममध्ये उघडून दाखवली. पडद्यावर नुसते चौकोन, आकडे, उलटीसुलटी चिन्हं, पानंच्या पानं.

"टीचर, गाणं मेलं ना हे?" एकीने विचारलं.

"मेलं नाही. चुकीच्या घरी गेलंय," रिचेल म्हणाली. "काकू, कॉम्प्युटरला अक्कल नसते. फाईलच्या नावाला मागे शेपूट असतं, टिंबानंतरची तीन अक्षरं. ते बघून तो ठरवतो, हिला कोणाकडे पाठवायची. आपण एकदा सांगितलं, ह्या शेपटीच्या सगळ्या फायली त्याच्याकडे, की तो डोळे मिटून तिकडेच पाठवणार. शिफ्ट दाबून ठेवा, माऊसची उजवी कळ, 'ओपन विथ', प्रोग्राम निवडा, आणि खाली 'ऑलवेज'च्या चौकोनात टिक. ती टिक जपून करा. गाणं वाजायला हवं तिथे पुराण उघडेल."

सगळ्या हसल्या. मी वहीत लिहून घेतलं. लिहून घ्यायची सवय आमच्या घरात दोघांनाही होती.

दोन हजार दोन संपताना, हिवाळ्यात, यांचं काहीतरी बिनसायला लागलं. पोस्टात जाऊन आले की शेजारच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवत उभे. आता एव्हरशाईनमध्ये सगळ्या बिल्डिंगी एका साच्यातल्या. कोणीही चुकेल, असं मी म्हणाले. दूध आलं का, हे दोनदा विचारायचे. मीही विसरतेच की, असं मी म्हणाले. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

ते का, ते सांगायला हवं. यांचे थोरले बंधू राजापूरला शेवटची पाच वर्षं कोणालाच ओळखत नव्हते. स्वतःच्या बायकोला 'बाई, तुमचं गाव कुठलं' म्हणून विचारायचे. त्यांना बघून आले की हे दोन दोन दिवस जेवत नसत. अशाच एका परतीच्या प्रवासात एसटीच्या खिडकीबाहेर बघत हे म्हणाले होते, "वसू, मला असं झालं ना, तर मला कळायला नको. बाकी काही होऊ दे. मला कळायला नको." मी हो म्हटलं होतं. ते हो म्हणजे काय, तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

एप्रिलची यादी फळ्यावर लागली. सकाळी मी भाजी घेऊन येत होते, तर टपालपेट्यांपाशी मनोरमा काळसेकर उभी. पहिल्या मजल्यावरची. तिचे यजमान दिवाळीच्या आधी गेले होते.

"वहिनी," यादीवर बोट ठेवून ती म्हणाली, "नऊ तारखेला यांना उभं केलंत टँकरला? जिवंत असताना तर हा माणूस कधी खाली उतरला नाही."

मी वाचलं. बुधवार, नऊ एप्रिल, श्री. काळसेकर. मनोरमा हसत होती, पण तिची हनुवटी थरथरत होती.

"अगं, कॉम्प्युटर मेला," मी म्हणाले. "जुनीच फाईल उघडली असणार त्याने. यांचं काही नाही त्यात."

माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं की मलाच नवल वाटलं. घरी येऊन यांना तेच सांगितलं. यांनी ते झेललं. "असणार, असणार. मशीन आहे शेवटी. बोलव त्या रिचेलला."

रिचेल आली. खुर्ची ओढून बसली, पाच मिनिटं इकडेतिकडे उघडलं, मिटलं.

"काका, मशीन टकाटक आहे. मार्चच्या यादीत काकूंचंच नाव आहे, मनोरमा काळसेकर. एप्रिलच्यात ते पुसून काळसेकर काकांचं टाईप केलंय. एकतीस मार्च, सकाळी अकरा वाजता."

"मी?"

"दुसरं कोण वापरतं?" तिला बिचारीला काय माहीत. तिने सरळ सांगितलं, चहा घेतला आणि गेली.

हे त्यानंतर तीन दिवस कॉम्प्युटरपाशी गेले नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "वसू, दादाचं कुठून सुरू झालं होतं, आठवतं तुला?"

"तुमचं चष्म्याच्या नंबरचं काम राहिलंय," मी म्हणाले. "त्यानेच होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. ती नजर मला बघवली नाही.

मेच्या यादीत एकाच तारखेला दोन घरं आली आणि चार तारखा कोऱ्या राहिल्या. आमचे चेअरमन साटम जिन्यातूनच ओरडत आले. मोठ्या आवाजाचा माणूस, मनाने वाईट नाही. "तेरवणकर, काय हो हे? कोऱ्या दिवशी काय पाणी आपलं आपण मोजून घेणार?" यांचा चेहरा राखेसारखा झाला. "आंघोळ करून बघतो," म्हणाले आणि आत गेले.

न्हाणीघरातून तांब्याचा आवाज येत होता. टँकरचं पाणी, म्हणून आंघोळ अर्ध्या बादलीची. तेवढाच वेळ. मी कॉम्प्युटर चालू केला. यादीच्या फाईलवर बाण नेला, शिफ्ट दाबून ठेवलं, उजवी कळ दाबली. प्रोग्रामची लांबलचक यादी आली. त्यातून चित्रं काढायचा प्रोग्राम निवडला. खाली 'ऑलवेज'च्या चौकोनात टिक केली. आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला लागले.

दहा मिनिटांनी हाक आली. "वसू! अगं, इकडे ये! लवकर ये!"

हे ओल्या केसांनी, पंचावर, खुर्चीत बसले होते. पडद्यावर रंगांच्या डब्या आणि पांढरा कागद, आणि मधोमध 'ही फाईल वाचता येत नाही' अशा अर्थाची चौकट. "बघ! मी यादी उघडतोय आणि हा चित्रकला उघडतोय! मी म्हणत होतो ना? मी म्हणत होतो ना तुला?" त्यांनी माझा पिठाचा हात धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आमच्या. मी त्यांना इतकं मोकळं झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

रिचेल आली, दोन मिनिटांत ठीक केलं. कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "कोणी हात लावला का ह्याला?"

"आम्ही दोघंच तर आहोत," मी म्हणाले.

"नाहीतर व्हायरस असेल," ती पुटपुटली.

मग ती माझी सवयच झाली. यांचं काही चुकलं की त्याच दिवशी कॉम्प्युटरचंही काहीतरी चुकायचं. पाणीखात्याला लिहिलेलं पत्र यांनी दोनदा पाठवलं, तर त्या संध्याकाळी पत्रांच्या सगळ्या फायली चौकोन आणि आकडे दाखवायला लागल्या. हर्षवर्धनच्या साखरपुड्यातल्या एका फोटोतली माणसं यांना ओळखू येईनात, तर दुसऱ्या दिवशी फोटोवर टिचकी मारली की गाण्याचा प्रोग्राम उघडून मुकाट बसायचा. कुठल्या शेपटीची फाईल कुठे पाठवली म्हणजे ती उघडणार नाही पण बिघडणारही नाही, हे मी शोधून काढलं होतं. आतलं काही पुसलं जाऊ नये, एवढी काळजी मी घेतली. खोटं कशाला बोलू, मला त्यात आपली हुशारीही वाटायला लागली होती. रिचेल येऊन सरळ करायची. मी पुन्हा वाकडं करायची. हे कॉम्प्युटरला शिव्या घालत, मजेत जेवायचे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही आगोटीच्या खरेदीला वसई गावात गेलो. पाऊस लागायच्या आत सुके बोंबील, सोडे, मसाल्याची मिरची घरात यायला हवी. यांना कोळणींशी घासाघीस करायला आवडायचं. पाचूबंदरच्या एका कोळणीने यांना 'शेट, बोंबील घेताय का त्याची पत्रिका बघताय' म्हटलं, तर सबंध रस्ताभर हसत होते. दुपारी दीडला रिक्षातून उतरलो तर फाटकात साटम कमरेवर हात देऊन उभे.

"कुठे होतात तुम्ही?"

"बाजारात. का?"

"टँकर येऊन गेला! ड्रायव्हर पाऊण तास हॉर्न वाजवत होता. म्हणतो, काठी धरायला कोनी नाय, सही करायला कोनी नाय, पानी कोनाला देऊ? गेला निघून. आता शनिवारशिवाय नाही म्हणतोय."

"पण आज ड्युटी कोणाची होती?" यांनी विचारलं. अगदी सेक्रेटरीच्या आवाजात.

साटमांनी फळ्याकडे बोट केलं. हे वळायच्या आत मी पुढे झाले, पिशवी खाली टाकली आणि यादीचा कागद ओढून काढला. टाचण्या खाली पडल्या. त्या दिवसासमोर स्वच्छ छापलेलं होतं, श्री. तेरवणकर.

"हा कागदच चुकीचा छापलाय त्याने," मी म्हणाले. "कालच बिघडला होता पुन्हा. विचारा यांना."

"हो, काल बिघडला होता," हे म्हणाले. ते खरंच होतं. काल मीच बिघडवला होता.

साटम फाटकावर हात आपटून म्हणाले, "तो डबा त्या पोरीच्या दारात नेऊन टाका! जुने पार्ट घालून विकते, आणि आपण इथे तोंड धुवायला महाग!"

अठ्ठावीस घरं दोन दिवस कोरडी राहिली. तिसऱ्या मजल्यावर बाळंतीण होती, तिच्यासाठी लोकांनी पिण्याच्या पाण्याचे डबे चढवले. जिन्यात, गच्चीवर, सगळीकडे एकच नाव ऐकू यायचं, रिचेल. शेजारच्या बिल्डिंगमधल्या तिघांनी तिच्याकडचे कॉम्प्युटर घेणं रद्द केलं. सासवांची बॅच सहावरून दोनवर आली. मी त्या दोघींतही नव्हते. तिच्या गाळ्यावरून जाताना मी रस्त्याची दुसरी बाजू धरायची.

एक दिवस तिने मला हाक मारली. "काकू, दोन मिनिटं."

गाळ्यात कोणी नव्हतं. पंखा फिरत होता. तिने 'बसा' म्हटलं नाही.

"ती टिक आपोआप लागत नाही, काकू. व्हायरस असा एकेक शेपूट निवडून दिवसाला एक करत नाही. आणि काकांना ते येत नाही. मी बघितलंय. ते शिफ्ट दाबत नाहीत. ते मी फक्त बायकांच्या बॅचला शिकवलंय."

मी पंख्याकडे बघितलं.

"माझं काय चुकलं ते सांगा. मी तुमच्याकडून एक पैसा जास्त घेतला असेल तर सांगा. आमच्या गावात काल माझ्या सासूला एकजण बोलला, तुमची सून चोरीचा माल विकते. मला ऐकायचंय, का?"

मग मी सांगितलं. राजापूरचे दादा, एसटीतलं बोलणं, काळसेकरांचं नाव, आंघोळीचा तांब्या. उभ्या उभ्या सांगितलं. ती ऐकताना एका कीबोर्डची कळ नखाने उचकटत होती.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं तर त्यांना कळेल."

"काकू!" ती जवळजवळ ओरडलीच. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही. तुमच्या घरातली गोष्ट आहे. पण मी परत येणार नाही तुमच्याकडे. तुम्ही वाकडं करायचं, मी सरळ करायचं, आणि काका हसतायत. मला नाही जमणार ते. मीच फसवल्यासारखं वाटतं."

पंधरा जूनला, रविवारी, सोसायटीची सभा झाली. खाली गाड्या लावतात तिथे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. विषय एक, पाणी. विषय दोन, संगणकातील दोष. साटमांनी ठराव मांडला, की तुस्कानो यांनी सदोष यंत्र दिल्यामुळे रहिवाशांना त्रास झाला, तरी सोसायटीने त्यांना तसं लेखी कळवावं, आणि त्याची प्रत आसपासच्या सोसायट्यांनाही द्यावी. सेक्रेटरी म्हणून तो ठराव यांना लिहायचा होता. यांनी पेनाचं टोपण काढलं, तारीख घातली, आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात 'तुस्कानो' एवढं लिहिलं. मी समोरच्या रांगेत होते. मला ते नाव उलटं दिसत होतं.

मी उभी राहिले.

"कॉम्प्युटरमध्ये दोष नाही," मी म्हणाले. "ते मी केलंय. क्लासमध्ये शिकले ते घरी करून बघत होते. ह्याची फाईल त्याच्यात, त्याची ह्याच्यात. मजा वाटायची. नंतर सांगायला लाज वाटली. रिचेलचा काही संबंध नाही. हे लिहून घ्या."

मागून मनोरमाचा आवाज आला. "वहिनी, नातवंडं नाहीत म्हणून काय कॉम्प्युटरशी भातुकली मांडलीत?" आणि सगळे हसले. साटम कपाळाला हात लावून म्हणाले, "आमची बाळंतीण तहानलेली, आणि ह्यांची भातुकली!" त्यावरही हसले. मीही हसले. ठराव मागे घेतला. रिचेलची माफी मागायची असं ठरलं, आणि साटम स्वतः जाऊन मागूनही आले.

हे हसले नव्हते. त्यांनी ते एक नाव नीट एका रेघेने खोडलं, आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

घरी आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि चपला न काढताच विचारलं, "सगळं तू केलंस?"

"हो."

"टँकरच्या दिवशी माझं नाव?"

"हो."

"आणि काळसेकरांचं?"

इथे ते थांबले. माझ्या तोंडाकडे असे बघत होते, जसं परीक्षेचा निकाल सांगणाऱ्या माणसाकडे बघतात. मला दिसत होतं, त्यांना काय ऐकायचंय.

"तेही मीच," मी म्हणाले.

त्यांनी एक लांब श्वास सोडला. खांदे खाली आले. आणि लगेच दुसऱ्या क्षणाला त्यांना राग आला, असा राग मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "मी वेडा व्हायची वेळ आली होती, वसुंधरा. अडीच महिने! तू बघत होतीस ना? मी त्या गॅलरीत बसायचो, तू बघत होतीस!" त्यांनी मला कधी वसुंधरा म्हणून हाक मारली नव्हती.

त्यानंतर आमच्यात बोलणं जेवणापुरतं उरलं. मी कॉम्प्युटरला हात लावू नये म्हणून यांनी पुस्तकात बघून त्याला पासवर्ड घातला. एरवी प्रत्येक गोष्ट वहीत लिहायचे. पासवर्ड लिहिला नाही, कारण वही मी वाचते. एका चिठ्ठीवर लिहिलाय आणि ती तुला सापडणार नाही, असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. त्या दिवसांत ते खूश होते. शीळ घालायचे. चुका झाल्याच, पण आता त्यांच्याकडे एक उत्तर होतं. गॅसवर दूध राहिलं तरी माझ्याकडे रागाने बघायचे. मी म्हणायची, असू दे.

अठ्ठावीस जूनला सकाळी हे जुलैची यादी करायला बसले. पाऊस सुरू झाला होता, तरी टँकर आणखी महिनाभर लागणार होता. पडद्यावर पासवर्ड मागणारी ती छोटी चौकट आली. यांनी काहीतरी टाईप केलं. चुकलं. पुन्हा केलं. चष्मा पुसला. पुन्हा. मी दारात तांदूळ पाखडायचं सूप घेऊन उभी होते. मग हे उठले, कपाटाच्या खणात शोधलं, शर्टांच्या खिशांत शोधलं, देव्हाऱ्यामागे हात घालून बघितलं. ती चिठ्ठी कुठे ठेवली तेही गेलं होतं. पुन्हा येऊन बसले. दहा वाजले, अकरा वाजले.

मला ठाऊक होतं, की त्या चौकटीला पासवर्ड लागतच नाही. कोपऱ्यातली 'एस्केप'ची कळ दाबली की ती मुकाट बाजूला होते. रिचेलने आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "हे कुलूप नाही काकू, पडदा आहे." मी चार पावलं पुढे जाऊन एक बोट दाबायचं होतं. पासवर्ड मीच बदलला होता म्हणायचं होतं. त्यांनी विश्वास ठेवला असता. त्यांना तेच हवं होतं.

मी चार पावलं गेले. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. त्यांची बोटं कळांवर होती, पण दाबत नव्हती, नुसती हलत होती, पेटीवर एखादा सूर आठवत नसल्यासारखी. माझा हात खुर्चीवरच राहिला.

त्यांनी मागे न बघता विचारलं, "हेही तू केलंयस का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी कळांवरची बोटं उचलली आणि हात मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "वसू, मला आठवत नाहीये."

त्याच आठवड्यात आम्ही दादरला डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी यांना वार विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. यांनी काट्यांशिवाय फार सुंदर घड्याळ काढलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "हे साधारण कधीपासून जाणवतंय?"

यांनी माझ्याकडे मान वळवली. "हिला विचारा," म्हणाले. "हिला सगळं माहीत आहे."

मी खरं सांगितलं. पोस्टातून परत येताना हे दुसऱ्या बिल्डिंगमध्ये गेले, ते हिवाळ्यात. एप्रिलच्या यादीत काळसेकरांचं नाव. मे महिन्यात चार तारखा कोऱ्या. आगोटीच्या दिवशी आमचीच ड्युटी होती. मी एकेक सांगत गेले, आणि डॉक्टर लिहून घेत गेले. हे प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते, जसे रेकॉर्ड रूममध्ये दुसरा माणूस नोंदी वाचून दाखवत असताना हलवायचे.

"थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर औषधांची वाट बघत बसलो. त्यांनी छत्री दोन पायांमध्ये उभी धरली होती.

"म्हणजे काळसेकरांचं नाव मी घातलं होतं."

"हो."

"तू नाही."

"मी नाही."

"आणि त्या पोरीला उगाच बोल लागला."

"तो माझ्यामुळे. उद्या मी तिच्याकडे जाणार आहे."

"मीही येतो," हे म्हणाले. थोडा वेळ छत्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग मला समजावल्यासारखं म्हणाले, "चल. कॉम्प्युटर तरी ठीक आहे."